मुरुमांवर अँटिबायोटिक : घ्यावे, पण किती दिवस?

फक्त मुरुमांची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात सहसा कोणी येत नाही. मुले येतात ती आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून न्यायला, फिटनेस सर्टिफिकेटवर सही घ्यायला, नाहीतर आठ दिवसांच्या खोकल्यासाठी. ते काम झाले की उठता उठता विचारतात, "डॉक्टर, हे तोंडावरचं काही जातच नाही. या गोळ्या चालू ठेवू का?" आणि खिशातून किंवा पर्समधून अर्धी संपलेली स्ट्रिप निघते. कधी ते अझिथ्रोमायसिन असते, कधी डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल. कोणी दिल्या, असे विचारले तर उत्तरे वेगवेगळी मिळतात. मेडिकलवाल्याने दिल्या. मावसबहिणीला लागू पडल्या होत्या. गेल्या वर्षी स्पेशालिस्टनी लिहून दिल्या होत्या, तीच चिठ्ठी दाखवून अजून घेतोय. किती दिवस घ्यायच्या हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

आजचा लेख त्या स्ट्रिपविषयी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायला सवड नाही त्यांचीही सोय होईल. मुरुमांवर पोटातून अँटिबायोटिक देणे चुकीचे नाही. काही मुलांना ते द्यायलाच हवे. पण ते कधी बंद करायचे हे सुरू करतानाच ठरलेले असावे, ते एकटे देऊ नये, आणि नाइलाज असल्याखेरीज मुरुमांसाठी अझिथ्रोमायसिनला हात लावू नये.

मुरुम, म्हणजे पुस्तकी भाषेत तारुण्यपीटिका, होतात कशा ते थोडक्यात पाहू. केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी बारीक ग्रंथी असते. वयात येताना शरीरातली पुरुषी संप्रेरके वाढतात (ती मुलींच्या शरीरातही असतात) आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचे बूच बसते. पांढरे आणि काळे ठिपके दिसतात ते हेच. काळा ठिपका म्हणजे मळ नसतो, म्हणून साबणाने दिवसातून सात वेळा तोंड घासून तो निघत नाही. कातडी मात्र चिडते. बुचाखाली कोंडलेल्या तेलावर एक जंतू वाढतो. आम्ही शिकलो तेव्हा त्याचे नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम होते, २०१६ पासून ते क्युटीबॅक्टेरियम झाले. नाव बदलले, जंतू तोच. तो तुमच्या-माझ्या सर्वांच्या कातडीवर राहतो, त्यामुळे मुरुम एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. जंतू वाढला की शरीर त्याच्यावर तुटून पडते, जागा लाल होते, पू होतो, दुखते.

म्हणजे तेल, बूच, जंतू आणि दाह अशा चार गोष्टी झाल्या. अँटिबायोटिक यांपैकी शेवटच्या दोहोंवरच काम करते. ते तेल कमी करत नाही आणि बूचही काढत नाही. "गोळ्या घेतो तोवर बरं असतं, सोडल्या की पुन्हा येतात" ही नेहमीची तक्रार यातूनच उद्भवते. त्यावर आपल्याकडे काढलेला तोडगा असा, की मग गोळ्या सोडायच्याच नाहीत!

डॉक्सिसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन गटातले आहे, त्या गटाचे पहिले औषध ऑरिओमायसिन. ते १९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून बाहेर आले. बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते शोधले, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. या माणसाविषयी एक स्वतंत्र लेख लिहायला हवा, पण आज नको. १९५० च्या दशकापासून डॉक्टर हा गट मुरुमांसाठी वापरू लागले आणि तो चांगला लागूही पडला, कारण जंतू मारण्याबरोबरच दाह कमी करण्याचा वेगळा गुण या औषधांत आहे. डॉक्सिसायक्लिन १९६७ मध्ये बाजारात आले. स्वस्त आणि परिचयाचे असल्यामुळे मुलांना वर्ष-दोन वर्षे ते देण्यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटत नसे. मग १९७९ मध्ये एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला दाद न देणारे मुरुमांचे जंतू सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून अशा नोंदी वाढतच गेल्या.

आपल्या देशातल्या रुग्णांचे जंतू तपासले, तेव्हा एरिथ्रोमायसिन-अझिथ्रोमायसिनच्या गटाला न जुमानणारे जंतू फार मोठ्या प्रमाणात आढळले. डॉक्सिसायक्लिनची स्थिती त्यामानाने बरी आहे. म्हणजे दुकानात सर्वांत सहज मिळणारी ती तीन गोळ्यांची स्ट्रिप मुरुमांवर मुळातच कमकुवत झालेली आहे.

पण अझिथ्रोमायसिनविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती चेहऱ्याची नाही, पोटाची आहे.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा, १९९० च्या आगेमागे, टायफॉइड क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईनासा झाला. चाळीस वर्षे ज्या औषधाने रुग्ण उठून बसत, ते देऊनही ताप उतरेना. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. सुरुवातीला ते जादूसारखे वाटले. आम्ही सर्वांनी ते तापाला दिले, जुलाबाला दिले, लघवीच्या जळजळीला दिले, आणि बघता बघता टायफॉइडसाठी तेही निकामी झाले. आज आपल्याकडे टायफॉइडच्या रुग्णाला घरी ठेवून तोंडाने देता येतील अशी भरवशाची औषधे मुख्यतः दोन, सेफिक्सिम आणि अझिथ्रोमायसिन. ती चालली नाहीत तर सलाइन लावून इंजेक्शने द्यायची. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरातून टायफॉइडची एक साथ सुरू झाली. तिच्या जंतूंवर सेफिक्सिमच्या जातीची औषधेही चालेनात. तोंडाने देण्याजोगे एकटे अझिथ्रोमायसिन उरले. बांगलादेशात तर अझिथ्रोमायसिनलाही न जुमानणारे टायफॉइडचे जंतू सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले.

ज्या गावांत पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते, तिथल्या लोकांना टायफॉइड म्हणजे काय हे मी सांगायला नको. मजुरी करणाऱ्या घरात पाच-सात दिवस गोळ्या घेऊन भागणे आणि दहा दिवस इस्पितळात पडून राहणे यात किती फरक पडतो, हे त्या घरालाच विचारावे. असे औषध आपण कपाळावरच्या पुटकुळीसाठी आठवड्यातून तीन दिवस, महिनोन्‌महिने वाटत आहोत.

"माझ्या मुरुमांच्या गोळीचा शेजाऱ्याच्या टायफॉइडशी काय संबंध?" असे एका तरुणाने मला विचारले होते. प्रश्न चांगला आहे. गोळी चेहऱ्यासाठी घेतली तरी ती आधी पोटात जाते, आतड्यातून रक्तात जाते आणि सगळीकडे पोहोचते. आतड्यात, घशात, नाकात, कातडीवर जे अब्जावधी जंतू सुखाने राहत असतात, त्या सर्वांना तिचा प्रसाद मिळतो. कच्चे मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. शिवाय आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंना देण्याची युक्ती अनेक जंतूंना साधलेली आहे. अझिथ्रोमायसिन तर शेवटची गोळी घेतल्यावरही कितीतरी दिवस शरीरात रेंगाळते. जंतू मरणार नाहीत पण सरावतील, अशी मात्रा मग दिवसेंदिवस राहते. मुरुमांसाठी अँटिबायोटिक घेणाऱ्यांच्या घरातल्या इतर माणसांच्या कातडीवरही असे चिवट जंतू आढळले आहेत. आणि २००५ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुरुमांसाठी दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांना घसा-सर्दीचे आजार इतर मुरुमवाल्यांच्या सुमारे दुप्पट झालेले दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक औषधांची वर्गवारी केली आहे. त्यात डॉक्सिसायक्लिन पहिल्या, सर्रास वापरता येण्याजोग्या गटात आहे. अझिथ्रोमायसिन आणि मिनोसायक्लिन मात्र जपून वापरायच्या गटात. माझे मत मी या वर्गवारीवरून बनवलेले नाही, पण ती माझ्या बाजूची आहे याचे समाधान वाटते.

आता दुसरी बाजू. वरचे सगळे वाचून एखादी आजी म्हणेल, "तरी मी सांगतच होते, औषधं घेऊ नकोस, लग्न झालं की आपोआप जातात." आजीबाईंचा मान राखून सांगतो, हे खरे नाही. लग्नाचा मुरुमांशी काही संबंध नाही. बऱ्याच जणांचे वय वाढते तसे कमी होतात, काहींचे तिशी उलटली तरी राहतात. आणि कमी होईपर्यंत जे खड्डे आणि व्रण पडतात ते राहतात. दुखऱ्या, खोल, गाठीसारख्या मुरुमांचे व्रण पडायला काही महिने पुरतात, ते बुजवायला मात्र पुढे हजारो रुपये खर्चूनही पुरते यश येत नाही. "उष्णता झाली", "रक्त अशुद्ध आहे" म्हणून महिनोन्‌महिने काढे आणि रक्तशुद्धीची टॉनिके पाजत बसणे म्हणजे ती वेळ वाया घालवणे होय.

माझ्याकडे येणारा एक मुलगा दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत नाही. फोटोच्या वेळी तो सायकल काढून घरी निघून गेला. त्याच्या वडिलांना हे तीन वर्षांनी कळले. बारावीचा अर्ज भरताना फोटो काढायलाही तो तयार नव्हता, तेव्हा ते त्याला माझ्याकडे घेऊन आले. दोन्ही गालांवर, जबड्यावर, पाठीवर गाठी होत्या. अशा मुलाला "वयाचा गुण आहे" म्हणून परत पाठवणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याला मी पहिल्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठीही दिली, कारण इतक्या खोल गाठींना पुढे आयसोट्रेटिनॉइन लागण्याची शक्यता होती, आणि तसे ते लागलेही.

तेव्हा कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्यातच सगळे आले. नुसते काळे-पांढरे ठिपके आणि चार-दोन पुटकुळ्या असतील तर पोटातून अँटिबायोटिक नको. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम आणि रात्री लावायचे अडॅपलीन, यावर बहुतेकांचे भागते. लाल, पूभरले मुरुम पुष्कळ असतील, छाती-पाठीवर पसरले असतील, व्रण पडू लागले असतील, तर कॅप्सूल द्यावी. पण ही दोन्ही मलमे तिच्या जोडीला हवीतच. अडॅपलीन बूच सोडवते. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूला प्राणवायूने मारते, आणि इतक्या वर्षांत जंतूला त्यावर उपाय सापडलेला नाही. अडीच टक्क्यांचे पुरते, अधिक तीव्र घेतले तर गुण वाढत नाही, जळजळ वाढते. ते कपड्याचा रंग उडवते, म्हणून उशीला जुना पांढरा अभ्रा घालावा. अडॅपलीन वाटाण्याएवढे घेऊन साऱ्या चेहऱ्यावर पातळ पसरावे, मुरुमावर ठिपके देत बसू नये. पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते. घाबरून ते फेकून देणारे बरेच असतात.

आणि मुदत? कॅप्सूलचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून औषध बदलून मागणारा जितका चुकतो, तितकाच पंधरा महिने घेणाराही चुकतो. साधारण तीन महिने, फार तर चार, हा हिशेब बहुतेक मार्गदर्शक सूचनांत आहे आणि तो मला पटतो. तीन महिन्यांनी डॉक्टरांना चेहरा दाखवून कॅप्सूल बंद करायची. मलमे मात्र चालूच ठेवायची, कारण परत येणारे मुरुम तीच रोखतात. आपल्याकडे नेमके उलटे होते. मलमाचा त्रास वाटतो म्हणून ते पहिल्याच महिन्यात सुटते आणि कॅप्सूल सोपी म्हणून चालू राहते. तीन महिन्यांनी काहीच गुण नसेल, तर दुसऱ्या, मग तिसऱ्या अँटिबायोटिकच्या मागे न लागता तज्ज्ञांकडे जावे. ते आयसोट्रेटिनॉइनचा विचार करतील. अमेरिकेत १९८२ पासून असलेले हे औषध अँटिबायोटिक नाही, ते तेलाच्या ग्रंथीवरच काम करते. पण त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते, तेव्हा ते घेताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. मैत्रिणीच्या सांगण्यावरून हे औषध कोणी घेत असेल तर आजच्या आज थांबवावे.

काही वेळा मुरुमांचे मूळच वेगळे असते आणि तिथे अँटिबायोटिक देणे फुकट जाते. गोरेपणासाठी किंवा खरजेसाठी घेतलेले स्टेरॉइडचे मलम चेहऱ्याला लावणे हे आपल्या भागातले पहिले कारण. ही मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम कडक केले, तरी ती मिळतातच. ताकदीसाठी घेतलेली बी-१२ ची इंजेक्शने, व्यायामशाळेत मिळणारी "बॉडी बनवायची" औषधे, कपाळावर उतरणारे डोक्याचे तेल, हीसुद्धा कारणे. मुलीची पाळी दोन-दोन महिने चुकत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर आधी पीसीओडीची तपासणी करावी.

डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी काही पथ्ये सांभाळावीत. कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. घोटभर पाण्याने गिळून लगेच झोपले की ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. मग छातीत अशी कळ येते, की घरचे हार्ट अ‍ॅटॅक समजून धावत आणतात. उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून शेतात किंवा मैदानावर जाणाऱ्यांनी टोपी, रुमाल वापरावा. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या गोळ्या यांच्यात व कॅप्सूलमध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. गर्भवतीला आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देऊ नये. गरोदरपणी उपचार करावाच लागला तर एरिथ्रोमायसिनच्या गटाकडे वळावे लागते, हाच तो मघाचा नाइलाज. सतत डोके दुखून दिसायला अंधुक झाले तर कॅप्सूल थांबवून डॉक्टरांकडे जावे. आयसोट्रेटिनॉइन आणि ही कॅप्सूल एकत्र कधीही घेऊ नयेत.

औषध दुकानदारांवर सगळा दोष टाकून मी मोकळा होणार नाही. चिठ्ठीवर मुदत नसेल तर दुकानदाराने तरी काय पाहायचे? मी मुरुमांच्या चिठ्ठीवर कॅप्सूलच्या नावाखाली ती बंद करायची तारीख लिहितो आणि तिच्याखाली रेघ ओढतो. गावातल्या सर्व डॉक्टरांनी हे करावे असे मला वाटते. दुकानदारांनी ती तारीख उलटल्यावर औषध देऊ नये. कायद्याने ते मुळात चिठ्ठीवरचेच औषध आहे. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे सांगायला सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती. ती लाल रेघ घरच्या औषधाच्या डब्यात शोधून पाहा, बहुतेक घरांत सापडेल.

ज्यांच्याकडे वर्षभरापासूनची डॉक्सिसायक्लिनची स्ट्रिप आज चालू आहे, त्यांना एवढेच सांगतो, की ही कॅप्सूल हळूहळू कमी करत आणावी लागत नाही, एका दिवसात बंद करता येते. त्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना चेहरा दाखवून मलमे लिहून घ्यावीत आणि पुढचे दोन महिने ती न चुकता लावावीत. उरलेल्या कॅप्सूल धाकट्या बहिणीसाठी जपून ठेवू नयेत.